दाता सात

१३ जानेवारी, सोमवार

लॅबच्या वहीत फक्त निरीक्षणं लिहायची, असा आमच्या प्रमुख शर्मिला मॅडमचा नियम आहे. 'वाटलं', 'जणू', 'बहुधा' असले शब्द दिसले की त्या पेन्सिलीनं खूण करून बाजूला 'कविता?' असं लिहितात. म्हणून जे वहीत बसत नाही ते इथे, घरच्या डायरीत.

आजपासून जनरेटरच्या धुराचं काम सुरू झालं. एका जनरेटर बनवणाऱ्या कंपनीला आपल्या यंत्राचा धूर माणसाच्या फुप्फुसाला कितपत बाधतो हे तपासून हवंय. पूर्वी असल्या कामाला उंदीर लागायचे. आता आम्ही माणसाच्याच पेशी वापरतो. कुणाच्या फुप्फुसाचा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला, तर गाठीपासून लांबचा, निरोगी श्वासनलिकेचा छोटा तुकडा त्याच्या संमतीनं आमच्याकडे येतो. त्यातल्या पेशी मी वाढवते. खालून पोषक द्रव, वरून हवा. महिन्या-दीड महिन्यात शर्टाच्या बटणाएवढ्या पडद्यावर श्वासनलिकेचं खरंखुरं अस्तर तयार होतं. कुणाचं, ते आम्हाला कळत नाही. डब्यांवर नुसते क्रमांक. सध्या दाता तीन, चार, सहा आणि सात आहेत.

सात फार उशिरा रुजला. मी टाकूनच देणार होते. आमचा तंत्रज्ञ केदार म्हणाला, "राहू द्या की, जागा कुठं अडलीये?"

१६ जानेवारी

आज पुष्कळ वेळ मायक्रोस्कोपपाशी बसले. इतकी वर्षं हे बघतेय, तरी अजून मन भरत नाही. पेशींच्या डोक्यावर केसांहून बारीक तंतू असतात आणि ते सगळे मिळून एका दिशेला झुकतात, परत उभे राहतात, परत झुकतात. ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तसं दिसतं. आत आलेली धूळ वर घशाकडे ढकलत राहायचं, एवढंच त्यांचं काम. माणूस झोपला तरी चालू, बेशुद्ध असला तरी चालू. माणूस गेल्यावरही काही तास चालू असतं.

हे शेवटचं मी जेवताना अवधूतला सांगितलं. तो म्हणाला, "नीरजा, आमटी वाढ."

२२ जानेवारी

पहिला धूर दिला. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कंपनीचा जनरेटर बसवलाय. त्याचा धूर गार होऊन, हवेत मिसळून नळीनं आमच्या खोलीत येतो. झडप उघडली की काचेच्या पेटीत ठेवलेल्या पेशींवरून जातो. पेटीवर कॅमेरा, समोर पडदा. झडप केदारच्या ताब्यात. तो यंत्रांशी फार लाडानं बोलतो आणि माणसांशी जेवढ्यास तेवढं.

तीन, चार आणि सहा अपेक्षेप्रमाणे वागले. तंतू मंदावले, मग जागोजागी थांबले. रानडुक्कर लोळून गेल्यावर पिकात चट्टे पडतात तसे चट्टे दिसायला लागले.

सात वेगानं हलायला लागला.

थोडा वेळ असं होऊ शकतं. त्रास झाला की पेशी जोर लावतात. पण तो जोर टिकत नाही, आणि सातचा टिकला. दिवसभर टिकला. एकही चट्टा नाही. संध्याकाळी धूर बंद केला तेव्हा तो हळूहळू मूळ वेगावर आला, लांबून चालत आलेला माणूस पायरीवर टेकतो तसा. (हे वाक्य लॅबच्या वहीत गेलं असतं तर मॅडमची पेन्सिल मोडली असती.)

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "डबे बदलले असतील. परत करा."

२९ जानेवारी

परत केलं. या वेळी केदारनं क्रमांक झाकून ठेवले होते, कुठला डबा कुणाचा ते मलाही ठाऊक नव्हतं. तेच झालं. तिघे कोलमडले, एक धुरात उभा राहिला. चिठ्ठी उघडायच्या आधीच मी "सात" म्हणाले.

कंपनीचे संजय दुपारी आले होते. त्यांना पडद्यावर सात दाखवला. ते इतके खूश झाले की केदारला मिठी मारायची राहिली. "हाच डोनर पुढे न्यायचा, मॅडम. सगळ्या टेस्ट याच्यावरच करू या. बाकीच्यांत मुळातच काहीतरी वीक असणार." मलाही बरं वाटलं. माझ्या पेशी बघायला इतक्या वर्षांत मुद्दाम कुणी आलं नव्हतं.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "फार आनंद झालेला दिसतोय तुम्हाला."

"का होऊ नये?"

"होऊ दे, होऊ दे," म्हणाल्या आणि चष्मा पुसत केबिनमध्ये गेल्या. त्यांना कुणाचं कौतुक सोसत नाही.

३ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली. लक्षात आली तेव्हा बरं वाटलं नाही.

सातचा वेग धूर आल्यावर वाढत नाही. आधीच वाढतो. शेडमध्ये जनरेटर सुरू झाला की वाढतो, झडप बंद असतानाच. धूर यायला अजून अवकाश असतो आणि सात तयार असतो.

केदार म्हणाला, भिंतीतून थरथर येत असेल. पटण्यासारखं आहे. आम्ही पेटीखाली रबराचे जाड तुकडे ठेवले, टेबल भिंतीपासून ओढलं. तीन, चार, सहा ढिम्म. सात वाढला.

थरथरच असणार. दुसरं काय असणार?

६ फेब्रुवारी

सकाळी केदारनं विचारलं, "आत कुणाशी बोलत होतात?" मी म्हटलं, कुणाशी नाही. खरं तर सातला पोषक द्रव बदलताना "बास ना?" असं म्हणाले असेन. त्यात काय, तोही यंत्रांशी बोलतोच.

घरी अवधूत म्हणतो, हल्ली टीव्ही बघताना माझी बोटं हलत असतात, दोन्ही हातांची, मांडीवर. दिवसभर पिपेट दाबून दाबून सवय लागली असेल. तो म्हणाला, "पिपेट अंगठ्यानं दाबतात ना? तुझा अंगठा सोडून बाकीची हलतात." याला नको तिथे फार दिसतं.

११ फेब्रुवारी

दुपारी खालून फोन आला. एक बाई सकाळपासून बसल्यात, काम सांगत नाहीत आणि जातही नाहीत. मॅडम बाहेर होत्या म्हणून मी गेले.

साठीच्या आसपास असाव्यात. फिकट रंगाची, इस्त्री केलेली साडी, कपाळ मोकळं. हातात आमच्या संस्थेचं माहितीपत्रक होतं, घडीवर विरलेलं.

"मी ललिता," त्या उठून म्हणाल्या. "नागोरावांची बायको. मंडईहून आले."

"कोण नागोराव?"

"तेच विचारायचंय. ते तुमच्याकडं आहेत का?"

मला वाटलं, घरातलं कुणी हरवलंय. म्हटलं, "मावशी, हे हॉस्पिटल नाही."

"ठाऊक आहे. हॉस्पिटलात ऑपरेशन झालं यांचं, दिवाळी झाल्यावर. फुप्फुसाचा तुकडा काढला. त्यातला थोडा तुम्हाला द्यायचा म्हणून सही घेतली. हसत केली यांनी. म्हणाले, माझ्या फुप्फुसाला कुणी तरी विचारतंय म्हणायचं." त्या थांबल्या. "तीन जानेवारीला गेले."

मी जे बोलायचं असतं ते बोलले. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तो तुकडा आहे का अजून?"

"मावशी, नियमानं आम्हाला नावं कळत नाहीत."

"नाव राहू द्या. आहे का?"

"तुकडा तसा राहत नाही. त्यातल्या पेशी आम्ही वाढवतो."

"वाढतात म्हणजे? जिवंत?"

खोटं बोलता आलं असतं, पण त्या वेळी सुचलंच नाही. मी हो म्हटलं.

त्या परत बाकावर बसल्या. घाबरल्या वगैरे नाहीत. बरेच दिवस शोधत असलेली वस्तू सापडल्यासारखा चेहरा झाला होता.

"दहाव्याला ओंकारेश्वरापाशी गेलो होतो," त्या म्हणाल्या. "पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईना. मुलगी म्हणाली, बाबा, आईला सांभाळीन. जावई म्हणाले, क्लॅरिनेट विकणार नाही. दीर, पुतणे, ज्याला जे सुचेल ते बोलला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. यांचं राहिलंय तरी काय? मग हा कागद सापडला." त्यांनी माहितीपत्रक मांडीवर सरळ केलं. "माणूस पुरता गेलाच नसेल, तर कावळा शिवेल कसा?"

दिवाळीनंतर आमच्याकडे एकच तुकडा आला होता.

१२ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्या पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्ही त्यांना हो म्हणालात?"

"त्यांनी विचारलं."

"उद्या कुणी विचारलं, आमचे आजोबा आहेत का, तर तेही शोधून द्याल?" मग जरा वेळानं, "संमती मागे घेता येते. पण ती देणाऱ्यानं. देणारा गेल्यावर बायकोला तो हक्क आहे का, हे समितीनं ठरवायचं. समिती मार्चमध्ये बसते. तोवर काम चालू."

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मार्चपर्यंत सात राहील.

१६ फेब्रुवारी, रविवार

मंडईतून भाजी घेऊन परत यायचं असं ठरवून निघाले आणि ललितामावशींकडे गेले. पत्ता त्यांनीच दिला होता. मंडईच्या मागच्या गल्लीत खाली बँडचं दुकान, दाराशी लाल कोट टांगलेले, वर त्यांची खोली. भिंतीवर नागोरावांचा फोटो आहे, गणवेशातला. गाल भरलेले, डोळे बारीक. माझ्यापेक्षा फार मोठे वाटले नाहीत. फोटो जुना असेल.

चहा करता करता त्या बोलत होत्या. नागोराव उभा जन्म लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवत होते. त्यांचा माईक जनरेटरच्या गाड्यावर बसवलेला असायचा, म्हणून त्यांना गाड्याला लागूनच चालावं लागे. धूर सगळा तोंडावर. घरी आले की रुमाल काळा.

"पण जनरेटरशिवाय वाजवायचेच नाहीत," मावशी म्हणाल्या. "घरी मुलीनं हट्ट केला तरी नाही. म्हणायचे, ती धडधड ऐकल्याशिवाय हात उठत नाही. वरातीतसुद्धा सगळे आपले उभे. जनरेटर धडधडला की हे क्लॅरिनेट ओठाला लावणार. आधी नाही, नंतर नाही. आणि एकदा लावलं की वरात मंडपात पोचेपर्यंत थांबायचं नाही. लोक नाचत बसायचे, तास तास लावायचे, छातीचा भाता व्हायचा. मी म्हणायचे, अहो, मध्ये जरा दम घ्यावा माणसानं. तर म्हणायचे, दारात वरात सोडून दम कसा घेऊ?"

पेटीखालच्या रबराबद्दल त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"शेवटी हॉस्पिटलात तोंडावर ती नळी होती," त्या म्हणाल्या. "शुद्ध नव्हती. पण चादरीवर बोटं चाललेली. अंगठे तेवढे स्थिर, बाकीची बोटं एकेक उचलायचे आणि ठेवायचे. नर्सला वाटलं, फीट आली."

मग त्या थांबून माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी कप दोन्ही हातांत धरला होता. चहा गार होतोय असं त्यांना वाटलं असेल, म्हणून मी तो पिऊन टाकला.

निघताना म्हणाल्या, "ताई, मला ते संपवून द्या. पण आधी एकदा बघू द्या."

मी बघते म्हटलं. जिना उतरताना मनात आलं, या बाईंनी अर्ज केलाच नाही तर? कसा करायचा ते त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही तर त्यांना कळणारही नाही. इतकं धडधडीत काही आजवर माझ्या मनात आलं नव्हतं. भाजी घ्यायची राहिली.

१७ फेब्रुवारी

संजय यांनी अहवालाचा मसुदा पाठवलाय. आकडे आमचेच, पण फक्त सातचे. तीन, चार, सहा यांचा उल्लेख तळटीपेत, 'नमुने सदोष' म्हणून. निष्कर्ष असा: 'धुराच्या सततच्या संपर्कातही मानवी श्वसनपेशी निरोगी राहतात, किंबहुना अधिक कार्यक्षम होतात.'

वाचून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. नागोरावांची गाठ धुरानंच झाली, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तो माणूस आयुष्यभर धुरात चालला आणि छाती फुटून गेला. आता त्याच धुराच्या बाजूनं त्यालाच साक्षीला उभं करतायत. आणि तो उभा राहील. जनरेटर सुरू झाला की उभा राहील. त्याला दुसरं येतच नाही.

माझा चेहरा केदारला दिसू नये म्हणून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धुतले.

१८ फेब्रुवारी

मसुदा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"तुम्हाला आज कळलं?" त्या म्हणाल्या. "मला तो मनुष्य 'वीक' म्हणाला तेव्हाच कळलं होतं."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"कारण या मजल्यावर अजून दिवे लागतात ते त्या जनरेटरमुळे. तुमच्या खोलीतलाही." त्या रागावलेल्या नव्हत्या. दमल्यासारख्या दिसल्या. "मी सहीला उशीर करू शकते. तेवढंच माझ्या हातात आहे. बाकी तुम्ही काय करता ते मला सांगू नका."

संध्याकाळी ललितामावशींना फोन करून अर्ज कसा करायचा ते सांगितलं. त्या लिहून घेत होत्या, मध्ये मध्ये "सावकाश, ताई" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. कशाचं, ते सांगता येणार नाही. अवधूतला वाटलं ऑफिसात कुणी बोललं. तसं वाटू दिलं.

४ मार्च, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

अर्ज आल्यापासून मॅडमनी सातला धूर देणं थांबवलंय. कंपनीला सांगितलं, नळी दुरुस्तीला आहे. जनरेटर बंद. तरी मी रोज थोडा वेळ सात पडद्यावर लावते, तब्येत बघायला.

आज दुपारी मॅडम कशासाठी तरी खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच बघत राहिल्या. सात संथ चालला होता. तेवढ्यात बाहेरून ढोल ऐकू आला. रस्त्यानं वरात चालली होती, पुढच्या कार्यालयातली असणार. आमच्या खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत, आवाज म्हणजे लांबची कुजबुज. मॅडम म्हणाल्या, "भर दुपारी नाचायची ताकद कुठून येते यांना?"

मग ढोल थांबला आणि जनरेटर धडधडला. वरातीतला, रस्त्यावरचा.

सातचा वेग वाढला. धुरात असतो तेवढा झाला, मग त्याहून जास्त. शेतावरून वारा नव्हे, वादळ. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. बाहेर कुणी तरी क्लॅरिनेट वाजवायला लागलं. हल्ली वरातीत क्लॅरिनेट असतं कुठे?

वरात पुढे गेली, आवाज गेला. सात खाली आला नाही.

"पाण्याचा पंप लागला असेल," मॅडम म्हणाल्या. आमचा पंप सकाळी लागतो. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

७ मार्च

सात अजून त्याच वेगात आहे. मी घरी जाते, झोपते, परत येते, तो चालूच. पेशींची शक्ती कधी तरी संपायला हवी. पडद्यापाशी मला बसवत नाही आणि उठवतही नाही.

मॅडमनी समितीला स्वतः पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते सांगितलं नाही. केदार म्हणतो, टाइप न करता हातानं लिहिलं.

१९ मार्च

समितीनं मान्य केलं. बायकोची विनंती संमती मागे घेतल्यासारखीच धरायची. सातचे सगळे नमुने नष्ट करायचे, सातचे आकडे अहवालातून काढायचे, आणि कुटुंबीयांना हवं असेल तर आधी एकदा दाखवायचे. संजय यांना मॅडमनी फोनवर कळवलं. दार बंद होतं, तरी मॅडमचं "नाही म्हणजे नाही" आम्हाला बाहेर ऐकू आलं.

केदार आल्यापासून सगळ्या पेट्या पुसत सुटलाय. पाहुणे यायचे असल्यासारखा.

२५ मार्च, मंगळवार

ललितामावशी सकाळी आल्या. एकट्याच. मुलीला सांगितलं नव्हतं म्हणाल्या, ती उगाच घाबरली असती. आम्ही त्यांना पांढरा कोट दिला, टोपी दिली. त्यांनी पदर कोटाच्या आत नीट खोचला. खोलीत मॅडम, केदार आणि मी. केदारनं खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

मी पडदा लावला.

त्या बघत राहिल्या. पडद्याच्या चौकोनात ते शेत वेड्यासारखं हलत होतं.

"हे?"

"हो," मी म्हटलं.

मॅडमनी सांगितलं, इतक्या हळू आवाजात मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं, "आत आलेली धूळ बाहेर ढकलण्याचं काम असतं यांचं."

"अजून ढकलतायत," मावशी म्हणाल्या. मग वळून विचारलं, "तुम्ही जनरेटर लावलाय का?"

"नाही. महिना झाला बंद आहे."

"मग यांना कुणी सांगितलंच नसेल."

त्या पडद्यापासून सरकून काचेच्या पेटीपाशी गेल्या. पेटीत दिसण्यासारखं काही नसतं, एक छोटा डबा आणि गुलाबी द्रव. त्या वाकल्या. एका हातानं टोपी धरली होती.

"अहो," त्या म्हणाल्या. रोजच्या आवाजात, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारतात तशी. "वरात पोचली. मंडपात गेले सगळे. ठेवा आता खाली."

मी पडद्याकडे बघत होते, त्यामुळे मी पाहिलं. चट्टे पडले नाहीत. कडेचे तंतू आधी थांबले, मग आतले, वारा पडल्यावर शेत थांबतं तसे. शेवटी मधला एक ठिपका हलत होता. मग तोही थांबला.

पेशी मारायच्या ब्लीचची बाटली अजून केदारच्या हातातच होती, बूच लावलेली.

"गारठलं असेल," मॅडम म्हणाल्या. "एवढा वेळ पेटी उघडी होती." पेटी उघडी नव्हती. केदारनं तापमान बघितलं, मॅडमना दाखवलं, आणि शेजारच्या खोलीत गेला. सातचे बाकीचे डबे तिथे इनक्युबेटरमध्ये होते. बंद दाराआड, अंगाइतक्या उबेत.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, तेही."

"तेही काय?"

"थांबलेत. सातचे सगळे."

मॅडम स्वतः गेल्या. मीही गेले. एकेक डबा काढून मायक्रोस्कोपखाली धरला. त्याच फळीवरचे तीन, चार आणि सहा नेहमीसारखे डुलत होते. सात कुठेच हलत नव्हता. मॅडम स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या.

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. फळीकडे बोट करून म्हणाल्या, "हे दुसरे कुणाचे?"

"आम्हाला नावं कळत नाहीत," मी म्हटलं.

"त्यांच्याही घरी कुणी बसलं असेल," त्या म्हणाल्या.

नियम म्हणून केदारनं सगळ्या डब्यांत ब्लीच घातलं. हे काम माझं होतं, पण माझे हात खिशातून निघाले नाहीत. मावशींनी टोपी घडी करून मला परत दिली. "घरी जाऊन अंघोळ करते आता," म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले, बोटं चाचपली, आणि "बरं झालं" म्हणाल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

अहवाल गेला. तीन दाते, तिघांवरही धुराचा घातक परिणाम, निष्कर्षात एकही 'किंबहुना' नाही. कंपनीनं पुढचं काम काढून घेतलंय. संजय शेडमधला जनरेटर न्यायला माणसं घेऊन आले होते. जाताना मला म्हणाले, "एका बाईच्या अंधश्रद्धेपायी तुम्ही एवढा चांगला डेटा घालवलात." मी म्हटलं, चांगला नव्हता. जूननंतर माझी जागा राहील की नाही, माहीत नाही. अवधूत म्हणतो, बघू. तो असं म्हणतो तेव्हा खरंच बघतो, एवढा आधार आहे.

मी मॅडमना विचारलं, तीन, चार आणि सहा यांची माणसं आहेत की गेली, ते हॉस्पिटलकडून कळेल का? त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मग म्हणाल्या, नियम बघते.

दुपारी नष्ट केलेल्या नमुन्यांच्या नोंदीवर सही करायला त्यांनी बोलावलं. ती नोंद एरवी केदार करतो. या वेळी अक्षर मॅडमचं होतं. दर ओळीत दात्याचा क्रमांक, तारीख, आणि शेवटी एक शब्द: नष्ट, नष्ट, नष्ट. सातच्या ओळीत त्यांनी 'निधन' लिहिलंय. तारीख, २५ मार्च.

नागोराव तीन जानेवारीला गेले. तारीख चुकलीये, असं मी म्हणाले नाही. त्यांच्या सहीखाली माझी केली.